ऊन मे महिन्यातलं, फटका जुलैतला
(आमच्याकडून रेतमात्रा, म्हणजे कृत्रिम रेतनासाठी नराच्या रेताच्या मात्रा, नेणाऱ्या वराहपालकांसाठी)

पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की आमचा फोन वाजायला लागतो. "माद्या उलटतायत. मात्रा खराब होत्या का?" म्हणजे भरवलेल्या (नर किंवा मात्रा दिलेल्या) माद्या गाभण न राहता पुन्हा माजावर येतायत. चूक आमचीही असू शकते. म्हणून प्रत्येक मात्रेवर तयार केल्याची तारीख असते, ती कळवा, आम्ही तपासू. पण त्याआधी मे महिन्यात शेडमध्ये काय चाललं होतं, ते आठवून पाहा.

डुकराच्या घामग्रंथी नावापुरत्याच. अंग ओलं करून घेणं आणि धापा टाकणं, एवढंच त्याच्या हातात. यॉर्कशायर, लँडरेस या मूळच्या थंड मुलखातल्या जाती; दूध पाजणाऱ्या मादीला १८ ते २२ अंश मानवतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल, ते सांगायला नको. कोकणात आणि गोव्यात पारा कमी, पण दमट हवेत अंगावरचं पाणीच वाळत नाही.

नराचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. शुक्रजंतू तयार होऊन पक्व व्हायला एकूण सुमारे ७ आठवडे लागतात. २० मेला होरपळलेल्या नराचं रेत जुलै उजाडला तरी कमजोर असू शकतं. नर धडधाकट दिसतो, उडीही मारतो, बाहेर गारवा आलेला असतो; मग दोष मादीवर जातो. घरचा नर वापरत असाल तर गावातली सगळ्यात थंड जागा त्याला द्या. (आम्ही मात्रा विकतो, तेव्हा हा सल्ला आमच्या धंद्याच्या विरुद्धच आहे.)

मादीचं गणित वेगळं. उन्हात ती कमी खाते, पिल्लं मात्र तेवढंच ओढतात, आणि ती खंगते. एरवी दूध तोडल्यावर ४ ते ७ दिवसांत येणारा माज मग लांबतो किंवा मुका जातो, म्हणजे बाहेरून दिसतच नाही. २० मेला भरवलेली मादी १० जूनच्या आसपास उलटली, तर बहुधा गाभ धरलाच नाही. २५-३० दिवसांनी उलटली, तर धरून गेला. टिकला तरी ११४ दिवसांनी, म्हणजे ११ सप्टेंबरच्या सुमाराला, वेतात पिल्लं कमी निघू शकतात. वहीत तारखा असतील तर निम्मं निदान तिथंच होतं.

खर्चाआधी पाण्याची नळी पाहा. उन्हात तापलेल्या काळ्या नळीतलं पाणी दुपारी मादी तोंडाला लावत नाही, आणि दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ३० लिटर तरी लागतं. नळी गोणपाटाने झाका. खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर घाला. मानेवर ठिबक सोडा, पण थांबून थांबून, आणि पिल्लांची जागा कोरडी ठेवून. भरवल्यावर पहिला महिनाभर मादीला दुसऱ्या खणात हलवू नका, नव्या माद्यांत मिसळू नका. माज पहाटेच तपासा. पाठ दाबली की माजावरची मादी स्थिर उभी राहते, पण दुपारी पाठ दाबून काही कळत नाही.

मात्रा न्यायला येताना थर्मास आणा. तिला १७ अंश हवेत. दुचाकीच्या डिकीत ती शिजते आणि घरच्या फ्रिजमध्ये गारठून मरते, हे दोन्ही प्रकार आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो.