वारंवार उठणारी मुरुमे आणि दीर्घकालीन औषधोपचार

मुरुमे हा केसांच्या मुळांना लागून असलेल्या तैलग्रंथींचा दीर्घकाळ चालणारा दाहविकार आहे. अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने या ग्रंथी जास्त तेल स्रवतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात आणि आत साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा एरवीही त्वचेवर राहणारा जिवाणू वाढतो. त्यातून सूज येते, पू होतो. चेहरा अस्वच्छ ठेवल्याने मुरुमे येतात हा समज चुकीचा आहे. खसाखसा घासून धुतल्याने दाह उलट वाढतो.

मुरूम वर दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी छिद्रात डोळ्यांना न दिसणारा बुचा तयार झालेला असतो. म्हणून उठलेल्या फोडापुरते मलम लावणे अपुरे पडते. मुरुमे जिथे येतात तो सगळा भाग औषधाखाली आणावा लागतो. कोणत्याही उपचाराचा गुण ८ ते १२ आठवड्यांआधी ठरवता येत नाही. चेहरा स्वच्छ झाल्यावर सगळी औषधे एकदम थांबवली की काही महिन्यांत मुरुमे परततात, याचे कारणही हेच: नवे बुचे बनणे थांबलेले नसते.

‘मग आयुष्यभर औषध घ्यायचे का?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला एकच उत्तर नाही, कारण प्रत्येक औषधाची मुदत वेगळी असते. मुरुमे आटोक्यात आणण्यासाठी एक टप्पा असतो आणि ती पुन्हा येऊ नयेत म्हणून दुसरा. दुसऱ्या टप्प्यात बहुधा पोटात घेण्याच्या गोळ्या लागत नाहीत.

हा दुसरा टप्पा मुख्यतः ॲडापालीन, ट्रेटिनोइन यांसारख्या लावायच्या रेटिनॉइडवर, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधांवर, चालतो. ते छिद्र बुजू देत नाही आणि वर्षानुवर्षे वापरता येते. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते. त्यासाठी एक दिवसाआड रात्री पातळ थर लावून सुरुवात करतात. गरोदरपणात मात्र रेटिनॉइड टाळतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि त्याला जिवाणू दाद देईनासे होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे. २.५ टक्क्यांचे जेलही पुरेसे काम करते; टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र उडतो.

‘क्रीमची सवय लागते, त्वचा पातळ होते’ ही भीती खरी आहे ती स्टेरॉइडयुक्त क्रीमबाबत. अशा क्रीमने लाली चटकन उतरते, पण थांबवताच चेहरा पेटतो, पुरळ दुपटीने उठते आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. मुरुमांवर ती लावूच नयेत.

डॉक्सिसायक्लीनसारखी प्रतिजैविके साधारण ३ ते ४ महिनेच द्यावीत आणि एकटी देऊ नयेत. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावे, म्हणजे जिवाणूंचा प्रतिकार वाढत नाही. दर वेळी मुरुमे आली की तोच जुना कोर्स स्वतःच्या मनाने पुन्हा घेणे ही सर्वांत घातक सवय होय. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्यासोबत घेतात आणि लगेच आडवे होत नाहीत, नाहीतर अन्ननलिकेत जखम होऊ शकते. उन्हाचा त्रासही वाढतो.

सर्वाधिक धास्ती असते ती आयसोट्रेटिनोइन या पोटात घेण्याच्या रेटिनॉइडची. अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध तैलग्रंथी आकसवते. तीव्र, खड्डे पाडणाऱ्या किंवा इतर उपायांना न जुमानणाऱ्या मुरुमांसाठी ते देतात. शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.५ ते १ मिलिग्रॅम आणि पूर्ण कोर्समध्ये मिळून किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम, असा प्रचलित हिशेब आहे. अनेकांची मुरुमे एका कोर्सनंतर परतत नाहीत, काहींना दुसरा लागतो. म्हणजे वर्षानुवर्षांच्या उपचाराला तोच पर्याय ठरू शकतो. ओठ जवळजवळ सर्वांचेच कोरडे पडतात. यकृताची विकरे आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढू शकतात, म्हणून रक्त तपासतात. बहुतेकदा ही वाढ सौम्य असते आणि औषध थांबवल्यावर उतरते. नैराश्याचा धोका एकंदर रुग्णांमध्ये वाढतो असे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही, तरी मनःस्थितीत बदल जाणवल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. गर्भावरचा परिणाम मात्र निर्विवाद आणि गंभीर आहे: औषधाच्या एक महिना आधीपासून ते थांबवल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भधारणा होता कामा नये, आणि त्या मुदतीपर्यंत रक्तदानही करू नये. पुढच्या काळातील प्रजननक्षमता त्याने जात नाही. डॉक्सिसायक्लीन ज्यात मोडते त्या टेट्रासायक्लीन गटातील औषधांसोबत आयसोट्रेटिनोइन देत नाहीत, कारण कवटीतील दाब वाढू शकतो.

उपचार नीट होऊनही मुरुमे परतत असतील तर कारण शोधावे लागते. हनुवटी-जबड्यावर पाळीच्या आधी उठणारी मुरुमे, सोबत अनियमित पाळी किंवा चेहऱ्यावर वाढलेले केस असतील, तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करतात. अशा स्त्रियांना संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा अँड्रोजेनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन उपयोगी पडते. कपाळ आणि पाठीवर एकसारख्या, खाजणाऱ्या, ब्लॅकहेड नसलेल्या पुटकुळ्या असतील तर त्या मॅलेसेझिया या यीस्टमुळे असू शकतात, आणि प्रतिजैविकांनी वाढतात. स्टेरॉइड, लिथियम (मनोविकारावरचे), फेनिटॉइन (फिट्सवरचे) या औषधांनीही मुरुमांसारखे पुरळ येते. गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी तो डॉक्टरांना आधीच सांगावा: स्पायरोनोलॅक्टोन आणि रेटिनॉइड वेळेवर थांबवून ॲझेलेइक ॲसिडसारख्या सुरक्षित पर्यायावर येता येते.