पहिल्या पुराचे मासे

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वारणाकाठच्या गावांतले व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात: ओढ्याच्या तोंडाला आडवी लावलेली मच्छरदाणी आणि पाटीभर चढणीचे मासे. खाली कुणीतरी हमखास लिहितं, "पावसाबरोबर पडतात, कितीही धरा, संपत नाहीत." ते पडत नाहीत. अंडी घालायला नदीतून उथळ पाण्याकडे निघालेले मासे असतात ते, आणि त्यांतल्या माद्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते.

रोहू-मृगळाच्या कुळातल्या मादीची अंडी उन्हाळ्यातच पोसली जातात. दिवस मोठा होतो, पाणी तापतं, अंड्यांत बलक साठतो आणि मग सगळं थांबतं. पुराचं नवं गढूळ पाणी आणि प्रवाहाचा जोर जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला चेतवतो. ग्रंथी रक्तात गोनॅडोट्रॉपिन हे संप्रेरक सोडते, त्यामुळे अंडाशयात एक स्टेरॉइड तयार होतं, त्याच्या प्रभावाने अंड्यातलं केंद्रक कडेला सरकून विरघळतं आणि अडून राहिलेलं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) पुढे चालू होतं. काही तासांत अंडी सुटतात. पूर आलाच नाही, तर मादी ती अंगातच जिरवते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून पुराविना रोहू-मृगळासारख्या कार्प माशांचं प्रजनन घडवलं, ते याच साखळीच्या आधारे. किलोभराच्या रोहू मादीत लाखाहून जास्त अंडी असतात, म्हणजे चढणीची एक पाटी किती महाग पडते बघा.



चढणीचे मासे नियमाने धरता येतात, याचं उदाहरण दूर अमेरिकेत आहे. तिथल्या कोलंबिया नदीवरच्या आदिवासींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न म्हणजे सामन मासा. तोही अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतो. सेलिलो धबधब्यावर मासेमारी कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, हे त्यांचा 'सामन-प्रमुख' ठरवी. हंगामातल्या पहिल्या सामनचा विधी होईपर्यंत बाकी कुणी जाळं टाकत नसे, तेवढ्यात आधी आलेले मासे वर निघून जात. १९५७ मध्ये धरणाच्या पाण्यात सेलिलो बुडाला. तरी १९७७ मध्ये याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्स आणि नेझ पर्स या जमातींनी एकत्र येऊन मत्स्य आयोग स्थापला. त्याच्याकडे जीवशास्त्रज्ञ आहेत आणि नदीवर गस्त घालणारे स्वतःचे पोलीसही.

वारणा-येरळेच्या ओढ्यांसाठी एवढं मोठं काही लागणार नाही. पहिल्या पुराचे तीन-चार दिवस ओढ्याचं तोंड मोकळं ठेवायचं, हे ग्रामसभेने नदीवर पोट असलेल्या भोई मंडळींना सोबत घेऊन ठरवावं. अंडी घालून परतणारे मासे मग खुशाल धरावेत. मच्छरदाणीला मात्र तेव्हाही मनाई हवी, कारण तिच्यातून बोटभर पिल्लूसुद्धा सुटत नाही.