सोनं आपट्याचं की बन्नीचं? बेळगाव सीमाभागातल्या शरदाची पार्श्वभूमी

दसऱ्याच्या संध्याकाळी बेळगावात सोनं द्यायला बाहेर पडलं की एकाच गल्लीत दोन वाक्यं कानावर पडतात. एका दारात ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’, तर पलीकडच्या दारात ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’. तगोंडु म्हणजे घेऊन, बंगार म्हणजे सोनं आणि इरोण म्हणजे राहूया. मराठीत आपण समोरच्याला शुभेच्छा देतो. कन्नडमध्ये देणारा स्वतःलाही त्यात धरतो. खरं सांगायचं तर मला कन्नड वाक्य जास्त आवडतं.

दोन वाक्यांमागची झाडं मात्र वेगळी. बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या ढोलीत लपवली आणि वर्ष सरल्यावर काढून घेतली, ही त्यामागची कथा. आपट्याची कथा कौत्साची. वरतंतू ऋषींनी चौदा विद्यांची दक्षिणा म्हणून चौदा कोटी मोहरा मागितल्या, कौत्स रघुराजाकडे गेला, रघू कुबेरावर चालून जायला निघाला आणि कुबेराने रातोरात सोन्याचा पाऊस पाडला. कालिदासाच्या रघुवंशात हे सोनं राजाच्या कोषागारात पडतं. लोककथेत ते आपट्याच्या झाडावर पडतं. कोषागार लुटायला कोण देणार? झाड लुटता येतं. (बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाच्या फांद्या खपवतात, ती गोष्ट निराळी.) सीमाभागातल्या कितीतरी घरांत दोन्ही पानं एकाच तबकात असतात.

दोन्ही कथांत शस्त्र आहे आणि निघण्याची घाई आहे, कारण हा मुळात मोहिमेचा सण. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. पावसाळ्यात तिच्यासारख्या नद्या फौजेला अडवून धरत. आश्विनात पाणी ओसरे, वाटा वाळत, घोड्यांना चारा मिळे आणि फौजा बाहेर पडत. गावाची शीव ओलांडून ईशान्येला जायचं, शमीची पूजा करायची आणि परतायचं, हे सीमोल्लंघन त्या निघण्याचीच उरलेली खूण. या शब्दातली सीमा गावाची होती. तिच्यात राज्याच्या नकाशाचा अर्थ डोकावू लागला तो आमच्या आजोबांच्या पिढीपासून.

दरबारी थाटाच्या दोन परंपरा या पट्ट्याच्या दोन बाजूंना वाढल्या. दक्षिणेला विजयनगर. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस १५२० च्या सुमारास हंपीत होता. त्याने नऊ दिवसांचा महानवमी उत्सव पाहिला आणि हत्ती-घोडे, कुस्त्या, नृत्य, दारूकाम यांचं वर्णन लिहून ठेवलं. शेवटी राजा सगळ्या सैन्याची पाहणी करी, हेही त्यात आहे. म्हणजे उत्सव आणि हजेरी एकाच वेळी. १५६५ साली विजयनगर पडलं. पुढे म्हैसूरचे राजे राज वडेयर यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणात दसरा सुरू केला आणि टिपूनंतर तो म्हैसूरला गेला. आज पर्यटक पाहायला जातात ती जंबू सवारी, म्हणजे अंबारीच्या हत्तीची मिरवणूक, त्याच ओळीतली. उत्तरेला मराठेशाहीचा दसरा, ज्याचा संस्थानी थाट कोल्हापूरच्या दसरा चौकात अजून टिकून आहे.

बेळगाव मधल्या वाटेवर. १४७० च्या दशकात बहामनी वजीर महमूद गवानाने ते विजयनगरकडून घेतलं, मग आदिलशाही, मराठे आणि १८१८ मध्ये इंग्रज. राजधानी नसल्याने इथे अंबारी आली नाही. इथला दसरा गल्ल्यांचा, पालख्यांचा आणि सासनकाठ्यांचा राहिला. नवरात्रात पहाटे निघणारी दुर्गामाता दौड तर अगदी अलीकडची, पण आता तिच्याशिवाय शहराचं नवरात्र डोळ्यांपुढे येत नाही.

आदल्या दिवसाला आपण खंडेनवमी म्हणतो आणि कन्नड घरांत ‘खंडे पूजा’. खंडा म्हणजे तलवार. तलवारी गेल्या, पाने-पक्कड, शिवणयंत्र, ट्रॅक्टर आले. शब्द दोन्ही भाषांत तसाच राहिला.

कोजागरीला शहरात मसाला दूध आटतं. त्याच पौर्णिमेला आजूबाजूच्या खेड्यांत ‘सीगी हुण्णिमे’ असते : शेतकरी घरची माणसं जेवण बांधून शिवारात जातात, उभ्या पिकाची पूजा करतात आणि अन्नाचा ‘चरगा’ शेतात शिंपडतात. भरलेल्या जमिनीचं हे डोहाळजेवण. चीनमधला चंद्रपूजेचा शरदोत्सवही पौर्णिमेचाच. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला तो आणि आपली कोजागरी एकाच रात्री आल्या होत्या.

दिवाळीत बेळगाव तिन्ही शेजाऱ्यांकडून उसनं घेतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात ते गोव्याकडून, पोरं मातीचे किल्ले करतात ते महाराष्ट्राकडून, आणि पाडव्याला दारात शेणाची चित्रं मांडतात, त्याला उत्तर कर्नाटकात ‘हट्टी हब्बा’ म्हणतात. त्याच दिवशी गवळी शिंगं रंगवलेल्या म्हशी रस्त्यावरून पळवतात. हे पाहायचं असेल तर बाजूला उभं राहावं. म्हैस पाहुणा ओळखत नाही.

तिथीवर न चालणारा या हंगामातला एक उत्सव म्हणजे कित्तूर उत्सव, २३ ते २५ ऑक्टोबर. कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारले. दत्तक मुलाला ईस्ट इंडिया कंपनीने मान्यता दिली नाही आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे खजिना ताब्यात घ्यायला आला. २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्मांच्या सैन्याने केलेल्या हल्ल्यात तो मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परतले आणि किल्ला पडला. राणी बैलहोंगलला कैदेत १८२९ मध्ये वारल्या. त्यांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली गेली. पंचांग मागे मोजलं तर १८२४ चा तो दिवस दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास येतो. म्हणजे लढाई ऐन दिवाळीतली, पण आठवण इंग्रजी तारखेला बांधल्यामुळे ती आता फिरत असते : २०२३ मध्ये खंडेनवमीला आली, २०२५ मध्ये भाऊबीजेला.

तारखेला बांधलेला दुसरा दिवस १ नोव्हेंबर. १९५६ मध्ये याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि २०१४ मध्ये याच तारखेला नावही अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालं. त्यामुळे एका शहरात एकाच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाचे, म्हणजे राज्यस्थापनेच्या सोहळ्याचे, चित्ररथ निघतात आणि १९५६ च्या त्या निर्णयाविरुद्ध मराठी भाषिकांची काळ्या दिवसाची निषेध फेरीही. २०२४ मध्ये इथल्या पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी आलं. सकाळी फेरीत चालून आलेल्यांनी दंडावरची काळी फीत सोडली आणि झेंडू आणायला पिशवी उचलली. बाजारात फुलं विकणारे दोन्ही भाषांत भाव सांगत होते, आणि दोन्ही भाषांत तो चढाच होता.