अंत्यविधीचा खर्च आणि सरकारी मदत: अर्ज कुणी करायचा, कुठे आणि कोणत्या कागदांवर

घरातलं माणूस गेल्यावर अंत्यविधीसाठी सरकारकडून किंवा विम्यातून काहीतरी मिळतं, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण ही रक्कम त्या दिवशी हातात पडत नाही. शववाहिका, लाकडं किंवा विद्युतदाहिनीचं शुल्क, लागणारं सामान, हे सगळं आधी घरच्यांनीच भरायचं आणि मदत नंतर खात्यात जमा व्हायची. त्यामुळे पहिल्या दिवशी पैसे जो भरेल, त्याने पावत्याही त्याच दिवसापासून जपायला हव्यात.

पावती शक्यतो पुढे अर्ज करणाऱ्याच्या नावाने घ्या. काही महापालिका आणि नगरपालिका दहनाचं शुल्क घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात, म्हणून बाहेरच्या माणसाशी ठोक रक्कम ठरवण्याआधी स्मशानभूमीच्या कार्यालयात विचारा. १०८ ची रुग्णवाहिका रुग्णांसाठी असते. शववाहिकेची सोय रुग्णालयात किंवा पालिकेकडे वेगळी विचारावी लागते. बिल थकलं म्हणून रुग्णालय मृतदेह देत नसेल, तर रुग्ण हक्कांच्या सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, हे तिथल्या प्रशासनाला सांगा. बिलाचा वाद त्यानंतर स्वतंत्रपणे चालू राहू शकतो.

आधी मृत्यू दाखला

यापुढचा प्रत्येक अर्ज या एका कागदावर अडतो. नोंदणी मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. गावचा माणूस शहरातल्या दवाखान्यात वारला, तर दाखला शहराच्या पालिकेकडून मिळतो, ग्रामपंचायतीकडून नाही. यात लोकांचे खूप हेलपाटे होतात.

मृत्यू रुग्णालयात झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने कळवायचं आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यायचं. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन आलंच. त्यांच्या प्रती मागून ठेवा, पुढे विम्याला लागतात.

२१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. ३० दिवस ते एक वर्ष या काळात जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. जन्म-मृत्यू नोंदणीचा हा कायदा १९६९ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी झाल्यापासून सात दिवसांत माहिती देणाऱ्याला दाखला विनाशुल्क द्यायचा असतो.

दाखला हातात आला की नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि तारीख आधारशी ताडून पाहा. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असं सर्रास आढळतं. चूक लगेच लक्षात आली तर दुरुस्ती सोपी जाते. सहा महिन्यांनी विमा कंपनीने दाखवून दिली, तर प्रतिज्ञापत्र आणि चकरा ठरलेल्या. मूळ दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा.

खास अंत्यविधीसाठी मिळणाऱ्या रकमा

पहिली कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात त्याची. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेला, विमा लागू असलेल्या आस्थापनेतला कामगार यात येतो. दिव्यांग कामगारासाठी मर्यादा २५,००० आहे. मदत प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतकी, पण १५,००० रुपयांपर्यंतच. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत. विमित नोकरीत लागल्याच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क असतो.

अर्ज कुणी करायचा, इथे मात्र गोंधळ होतो. रक्कम कुटुंबातल्या हयात असलेल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला मिळते. त्यामुळे पत्नीने फॉर्म भरला आणि कामगारावर अवलंबून असलेली त्याची आई घरात असेल, तर कार्यालय आईच्या नावाने अर्ज मागू शकतं. कामगाराला कुटुंब नसेल किंवा मृत्यूच्या वेळी तो कुटुंबासोबत राहत नसेल, तर ज्याने खर्च केला त्याला पैसे मिळतात, मग तो मित्र असो वा शेजारी. अशा माणसाने तर एकही पावती हरवू नये.

अर्जाचा नमुना फॉर्म २२ म्हणून ओळखला जातो. चालू नमुना ईएसआयच्या शाखा कार्यालयातूनच घ्या. सोबत मृत्यू दाखला, विमा क्रमांक किंवा ओळखपत्र, अर्जदाराचं आधार आणि बँक पासबुक. मुदत मृत्यूपासून तीन महिने. ती वाढवण्याचा अधिकार महामंडळाला आहे, पण त्या भरवशावर राहू नका. कामावरच्या अपघातात किंवा कामामुळे झालेल्या आजारात मृत्यू झाला असेल, तर अवलंबितांना दरमहा मिळणाऱ्या लाभाचा अर्ज वेगळा करायचा असतो. १५,००० घेतले म्हणून तो हक्क संपत नाही.

दुसरी रक्कम महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची. गवंडी, प्लंबर, रंगारी, सेंट्रिंगवाले असे नोंदीत कामगार ५० ते ६० वयात वारले, तर अंत्यविधीसाठी १०,००० रुपये. याच मंडळाकडून नैसर्गिक मृत्यूला वारसाला दोन लाख आणि कामावर मृत्यू झाला तर पाच लाख अशी वेगळी मदत आहे, म्हणून दहा हजारांवर थांबू नका. नोंदणी १८ ते ६० वयात आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्याची होते. पुष्कळांचं घोडं नूतनीकरणात अडतं: कार्ड आहे, पण नोंदणी चालू नाही. घरातला कामगार हयात आहे तोवर त्याचं नूतनीकरण तपासा.

नावात अंत्यविधी नाही, पण उपयोगी

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत. मृत्यू दाखला, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असल्याचा दाखला, रेशन कार्ड, मृताच्या वयाचा पुरावा, अर्जदाराचं आधार आणि पासबुक लागतं. कमावता म्हणजे पुरुषच असं नाही. घर बाईच्या कमाईवर चालत असेल, तर तिच्या मृत्यूनंतरही अर्ज करता येतो.

आता एक काम जे कुणी सांगत नाही: मृताचं बँक पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख. फक्त नव्याने सामील झालेल्याला पहिल्या ३० दिवसांत अपघाती मृत्यूचंच संरक्षण असतं. २० रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी दोन लाख. खातं उघडताना या विम्यासाठी केलेली सही घरच्यांना बहुधा माहीतच नसते. दावा विमा कंपनीकडे नव्हे, त्याच बँक शाखेत द्यायचा: दावा फॉर्म, मृत्यू दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि पासबुक. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालही.

नोकरदाराच्या बाबतीत पीएफ, पेन्शन आणि ठेवसंलग्न विमा (पीएफ खात्याला जोडलेला जीवन विमा) हे तीन दावे एकत्रित फॉर्मवर करता येतात. त्यातल्या विम्याची कमाल रक्कम सात लाख. ग्रॅच्युइटीला एरवी सहसा पाच वर्षांची सेवा लागते, मृत्यू झाला तर ती अट नाही. मालकाने 'पाच वर्षं झाली नव्हती' म्हणून हात वर केले, तर ते ऐकून घेऊ नका.

बँकेतले पैसे

मृताचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून खर्च भागवण्याचा मोह होतो. तसं करू नका. मृत्यूनंतर ते पैसे वारसांचे असतात, आणि भावाभावांत वाद झाला तर प्रत्येक नोंदीचा हिशेब मागितला जातो. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ३२० प्रमाणे अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून इतर कर्जांच्या आधी द्यायचा असतो. म्हणजे खिशातून भरणाऱ्या पुतण्याला किंवा जावयाला तो परत मागता येतो, पावत्या असतील तर.

आजारी किंवा वृद्ध माणूस घरात असताना बोलून करून ठेवण्याजोगं एकच: एक छोटं संयुक्त खातं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीचं, आणि त्यात पहिल्या दोन दिवसांपुरती रक्कम. एक खातेदार गेला तरी दुसरा त्यातून पैसे काढू शकतो. मुदत ठेव असेल तर मुदतीआधी मोडण्याचा अधिकार हयात खातेदाराला मिळावा, यासाठी ठेव ठेवताना लेखी संमती द्यावी लागते. फॉर्मवरचा तो रकाना बहुतेक जण रिकामाच सोडतात. नॉमिनी नसेल तर आजच लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. नॉमिनीला बँक पैसे देते, पण कायद्याने तो वारसांच्या वतीने ते स्वीकारतो. मालकी वारसांचीच राहते.

यातल्या कोणत्याही अर्जाला एजंट लागत नाही. 'दहा टक्के द्या, काम करून देतो' म्हणणाऱ्याला मूळ मृत्यू दाखला तर मुळीच देऊ नका. अर्ज स्वतः द्या, पोच घ्या, आणि पोचपावतीवर तारीख व शिक्का आहे की नाही ते काउंटरवरच पाहा. ईएसआयची तीन महिन्यांची मुदत पाळली होती हे दाखवायला पुढे तोच कागद लागतो.