बोल्ट जाम झालाय? जोर लावायच्या आधी हे वाचा

ब्रेक पॅड बदलायला गाडी सोडून जाता आणि दुपारी आमचा फोन येतो, कॅलिपरचा (ब्रेक पॅड धरून ठेवणारा भाग) एक बोल्ट जाम आहे, वेळ लागेल, खर्च थोडा वाढेल. समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, एका बोल्टला एवढं काय? प्रश्न बरोबर आहे, पण फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहून ठेवलंय.

आपल्या बेळगाव भागात बोल्ट लवकर धरतात. खानापूर, जांबोटी, चोर्ला घाट त्या बाजूला पावसाळाभर गाडी ओलीच असते, लाल चिखल खालून उडून सायलेन्सरच्या आणि सस्पेन्शनच्या नटांवर बसतो, आणि जे वरचेवर गोव्याला जातात त्यांच्या गाडीला समुद्राची खारी हवा पण लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि आट्यांमध्ये तेवढी जागाच नसते, मग बोल्ट आतून पाचर ठोकल्यासारखा बसतो. इंजिनवर अजून एक भानगड असते, हेड (इंजिनचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा, मध्ये ओल शिरली की दोन धातूंमुळे ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणारा भाग) स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, तर रोज तापतात, रोज थंड होतात, ते पार कमजोर झालेले असतात, जोर लावला की सुटत नाहीत, सरळ तुटतात.

म्हणून आम्ही पहिला जोर लावतच नाही. आधी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करायचे, मग आत झिरपणारा स्प्रे मारायचा आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे बघा, पाच मिनिटांत स्प्रे आत पोचत नाही, काही वेळा रात्रभर ठेवावं लागतं, मध्ये मध्ये परत मारावा लागतो आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावे लागतात म्हणजे गंजाला चिरा पडतात आणि तेल आत जातं. पाना नेहमी सहा कोनी सॉकेटचा, बारा कोनी सॉकेट गंजलेल्या डोक्यावर सटकतो आणि एकदा कोपरे गेले की काम दुप्पट. बोल्ट आधी किंचित आवळून बघतो, मग सोडतो, थोडा सुटला की परत थोडा आत, परत बाहेर, असं करत करत बाहेर काढतो. एका दमात ओढला तर गंजाचा चुरा आट्यांत अडकतो आणि अर्ध्यावर तुटतो.

एवढ्याने नाही झालं तर गरम करायचं. नट तापला की फुगतो आणि पकड सुटते. ॲल्युमिनियम तर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे तिथे उष्णता चांगली कामाला येते. पण डिझेलचा पाइप, ब्रेकचा होज, रबरी बुश, बेअरिंग जवळ असेल तर आम्ही गॅस पेटवत नाही, कितीही घाई असली तरी.

बोल्ट तुटून आत राहिला तर? थोडा जरी बाहेर असेल तर त्यावर नवीन नट ठेवून वेल्डिंग करतो, धरायला डोकं पण मिळतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट आतून सैल पण होतो, आमच्या मते हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. आत तुटला असेल तर बरोबर मधोमध सेंटर पंच मारून ड्रिल करावं लागतं, तिथे घाई चालतच नाही, ड्रिल जरा बाजूला गेलं की ॲल्युमिनियम मऊ असल्याने ते तिकडेच पळतं. एझी आऊट, म्हणजे तुटलेला बोल्ट उलट फिरवून काढायचं हत्यार, आम्ही जपून वापरतो, कारण ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला लागत नाही, मग पार्ट खोलून स्पार्क इरोजन मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन) न्यावा लागतो. बाहेर कुठे आधी प्रयत्न झाला असेल तर आम्हाला स्पष्ट सांगा, आम्ही कुणाला नावं ठेवत नाही, फक्त आत काय आहे ते कळायला पाहिजे.

आता आटे गेले असतील तर. नुसते मळले असतील, थोडे दबले असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात. पार गेले असतील तर भोक मोठं करून नवीन आटे मारून हेलिकॉइल बसवतो, म्हणजे स्टेनलेस तारेची गुंडाळी, आणि मूळ मापाचाच बोल्ट परत बसतो. एम ८ (म्हणजे ८ मिमी जाडीच्या) बोल्टचं मूळ भोक ६.८ मिमी, हेलिकॉइलला साधारण ८.३ मिमी लागतं. नीट बसवलेलं हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूतच असतं, त्यामुळे हे जुगाड आहे असं समजू नका. स्पार्क प्लगच्या भोकाला मात्र आम्ही अख्खा बुश (आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी) बसवतो, कारण प्लग काढताना गुंडाळी सोबत निघून यायची भीती असते. ऑइलचा ड्रेन प्लग गळतोय म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळणं, एम सील लावणं, हे आम्ही करत नाही. एम सील लावलं तर पुढच्या सर्व्हिसला तो प्लग सुटणार नाही आणि आतले आटे पण सोबत जातील.

काही ठिकाणी आम्ही दुरुस्ती करतच नाही. व्हील स्टडचे आटे गेले तर स्टड दाबून काढून नवीन, नट पण नवीन. सीट बेल्टचा आणि स्टीअरिंगचा बोल्ट कंपनीचाच. डोक्यावर १०.९ लिहिलेल्या बोल्टच्या जागी कमी ताकदीचा ८.८ चा लावत नाही, माप जुळत असलं तरी. हेड बोल्ट बऱ्याच गाड्यांत ताणून बसवायचे असतात, कंपनीने एकदाच वापरा म्हटलं असेल तर ते परत लावत नाही, पैसे वाचवा म्हणून कृपया आग्रह करू नका.

तुमच्या हातात असलेल्या दोन गोष्टी. पंक्चरवाला चाक बसवताना नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायला सांगा, सरळ एअर गन लावली की नट तिरका बसतो आणि स्टड जातो. आणि पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहून आवळू देऊ नका, असा आवळलेला नट रात्री घाटात तुमच्या पान्याने सुटणार नाही. सौंदत्तीला किंवा कुठे घरचे सगळे घेऊन लांब जाणार असाल तर आदल्या दिवशी या, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) चारी चाकं बघून देतो.

बेळगावच्या केए २२, चिकोडीच्या केए २३, चंदगडकडून येणाऱ्या एमएच ०९ नंबरच्या गाड्या, सगळ्यांना पद्धत एकच. बोल्ट जाम दिसला की काम थांबवून फोटो पाठवतो, वाढीव खर्च सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे जातो. बिलात त्याची वेगळी ओळ असते आणि काढलेला बोल्ट पिशवीत घालून परत मिळतो. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किमी चालवून झाल्यावर परत या, नट तपासायचे पैसे घेत नाही.