पानातलं नत्र आणि पानावर पडलेलं नत्र

उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून येणारं पीक) राखणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळायचं नाही, सरीत दाबायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धन टाकायचं. पाचटात कर्ब (कार्बन) रग्गड, नत्र (नायट्रोजन) तुटपुंजं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात मात्र दर आठ-दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. पाचटातून ते भागत नाही, म्हणून वरून द्यायचं.

मग जंगलातल्या पाचोळ्यावर नत्र पडलं तर तोही भराभर कुजेल? इथेच गफलत होते. पानाच्या अंगचं नत्र वेगळं आणि त्यावर बाहेरून पडलेलं वेगळं.

अंगचं नत्र बहुतेक प्रथिनांत बांधलेलं असतं. गिरिपुष्पासारखं नत्राने श्रीमंत पान लवकर कुजतं हे खरं, पण त्यात पानाच्या कोवळेपणाचाही वाटा असतो.

बाहेरचं नत्र अमोनियम आणि नायट्रेटच्या रूपात येतं: गाड्यांचा नि वीजकेंद्रांचा धूर, खतं, गुरांचं शेण-मूत. ते पाण्यात विरघळतं आणि सूक्ष्मजीवांना आयतं मिळतं. पानाची घडण मात्र होती तशीच राहते. सुरुवातीला सेल्युलोज, म्हणजे पानातला सहज कुजणारा तंतुमय भाग, खाणाऱ्यांचं फावतं आणि कुजण्याला वेग येतो. अडतं ते पुढे, लिग्निन हा पानातला चिवट भाग उरल्यावर. लिग्निन फोडणं बुरशीला महागात पडतं, त्यातून ऊर्जा फारशी सुटत नाही. आत अडकलेलं नत्र मिळवायचं म्हणून ती हा खटाटोप करते, असं एक स्पष्टीकरण आहे आणि मला ते पटतं. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीत प्रयोगशाळेत दिसलं की लिग्निन फोडण्याचं काम ती नत्राची उपासमार झाल्यावर सुरू करते. ताटात वाढून आल्यावर खणायला कोण जाईल! शिवाय लिग्निनच्या तुकड्यांशी नत्र रासायनिकरीत्या जखडून आणखी चिवट संयुगं बनतात.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉगवूड, रेड मेपल आणि रेड ओक यांच्या पानांवर सारखंच नत्र घातलं होतं. लिग्निन कमी असलेली डॉगवूडची पानं जास्त वेगाने कुजली. लिग्निनने भरलेल्या ओकच्या पानांचं कुजणं मंदावलं, आणि त्यांच्यात लिग्निन फोडणारी विकरंही (एन्झाइम) घटली होती. म्हणजे ‘नत्राने कुजणं वाढतं की घटतं’ हा प्रश्नच अर्धा आहे. कुठलं पान आणि कुजण्याची कुठली अवस्था, हे आधी विचारायला हवं. पाचटाला युरिया का मानवतो तेही यातून कळतं: शेतकऱ्याला घाई असते ती पहिल्या टप्प्याची, शेवटचा चिवट अंश कधी कुजला याचा हिशेब कोण ठेवतो?

जंगलात मात्र तोच अंश वर्षानुवर्षं साठतो. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून काही तुकड्यांवर दरवर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नत्र घातलं गेलं. दोन दशकांनंतर तिथे बुरशी कमी झाली होती, कुजणं मंदावलं होतं आणि जमिनीत कर्ब वाढला होता. हवेतला कार्बन जमिनीत गाडण्याची ही सोपी युक्ती वाटेल, पण १५० किलोच्या तुकडीत रेड पाइनची झाडं मोठ्या संख्येने वाळून गेली.