गंधार गाळला की गिटार गरजते

डेपेश मोड या ब्रिटिश बँडचं ‘एन्जॉय द सायलेन्स’ हे मुख्यतः सिंथेसायझरवर बेतलेलं गाणं १९९० साली आलं. बँडच्या मार्टिन गोर यांनी ते आधी हार्मोनियमवर, अगदी संथ बांधलं होतं. लय वाढवायची कल्पना त्यांचे सहकारी अ‍ॅलन वाइल्डर यांची. पुढे २००६ मध्ये लाकुना कॉइल या इटालियन मेटल बँडने तेच गाणं जड गिटारवर घेतलं. चाल तीच, शब्द तेच, तरी अंगावर येतं. अशा कव्हरबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीबद्दल, ‘जोरात वाजवलंय’ एवढंच म्हणून लोक मोकळे होतात. पण आवाज बारीक करून ऐकलं तरी जोर जाणवतोच. तेव्हा हे निव्वळ डेसिबलचं काम नव्हे.

बराचसा वाटा डिस्टॉर्शनचा. अ‍ॅम्प्लिफायरला पेलणार नाही इतका सिग्नल दिला की लहरींचे माथे छाटले जातात. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर खरखरीत आवाजासाठी स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला होता. माथे छाटलेली लहर चौकोनी होऊ लागते आणि तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे वरचे स्वर उमटतात. गंमत म्हणजे सिंथेसायझरमध्ये चौकोनी लहर तयारच मिळते, आणि तिच्यातही हेच स्वर असतात. एकेकटा सूर वाजवला तर दोन्ही वाद्यं चुलत भावंडंच.

फरक पडतो तो दोन सूर एकत्र वाजल्यावर. अनेक सूर एकदम वाजवणाऱ्या सिंथमध्ये सहसा प्रत्येक सुराचा ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग) वेगळा असतो. सूर आधी घडतात, मग त्यांची बेरीज होते. कुणी कुणात ढवळाढवळ करत नाही. गिटारच्या सहाही तारा मात्र एकाच अ‍ॅम्पमधून जातात आणि छाटणी होते ती त्यांच्या बेरजेची. त्यातून कुणी न वाजवलेले सूर जन्माला येतात: दोन कंपनसंख्यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे, त्यांच्या पटींचेही.

११० हर्ट्झचा षड्ज धरा. त्याचा पंचम १६५ च्या अगदी जवळ. वजाबाकी ५५, म्हणजे एक सप्तक खालचा षड्ज! तो कुठल्याच तारेवर नाही, तरी ऐकू येतो आणि आवाजाला वजन देतो.

आता यात गंधार घालून पाहा. गिटारच्या पडद्यांवर शुद्ध गंधार १३८.६ हर्ट्झला येतो. ५:४ या प्रमाणाने तो १३७.५ ला हवा. स्वच्छ आवाजात एवढं खपून जातं. डिस्टॉर्शनमध्ये वरच्या पटी ठळक होतात, आणि मग षड्जाची पाचवी पट (५५०) आणि गंधाराची चौथी (५५४.४) सेकंदाला चारेक वेळा एकमेकींना घासतात. शिवाय वजाबाकीचे सूरही बेसूर. नुसता गोंगाट. पंचमाच्या बाबतीत अशी जोडी षड्जाच्या तिसऱ्या पटीची (३३०) आणि पंचमाच्या दुसऱ्या पटीची (३२९.६), म्हणजे जवळपास बिनतक्रार.

म्हणून रॉक गिटारवादक बहुतेकदा गंधार सरळ गाळतात. उरलेला षड्ज-पंचम म्हणजेच पॉवर कॉर्ड. पण गंधार कोमल की शुद्ध, यावरच तर कॉर्ड उदास वाटणार की प्रसन्न हे बरंचसं ठरतं. सिंथच्या मूळ गाण्यातली ती छटा कॉर्डमधून गेली की सगळा भार गायकावर येतो. आणि गायक बऱ्याचदा ताणून गात असतो. ताणून गाताना स्वरतंतू झटक्याने मिटतात, वरच्या पटी वाढतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पडतात, जिथे आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. आवाज कितीही कमी करा, या पटींचं आपसातलं प्रमाण फारसं बदलत नाही. त्यामुळे हा माणूस ओरडतोय हे कळतंच.

काही बँड मूळ सिंथची ओळ गिटारच्या मागे तशीच ठेवतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ती गिटारच्या अ‍ॅम्पमधून जात नाही, त्यामुळे तिच्यात गंधार बिनधास्त ठेवता येतो.